एका घशातली बिऱ्हाडं

१९४० साली आलेल्या डिस्नेच्या ‘पिनोकिओ’त गिडियन नावाचा एक बोका आहे. लबाड कोल्ह्याचा शागीर्द, डोक्याने अर्धवट आणि डोक्यावर चेपलेली हॅट. या बोक्याचे संवाद म्हणायला मेल ब्लँक नावाच्या गृहस्थाला बोलावलं होतं. त्याच्याच सांगण्याप्रमाणे तो सोळा दिवस स्टुडिओत जाऊन बोक्यासारखा बोलून आला. मग वरच्या मंडळींच्या मनात आलं, बोका मुकाच बरा. सगळे संवाद कापले. शिल्लक राहिली एक उचकी. सोळा दिवसांचे आठशे डॉलर मात्र चुकते झाले, म्हणजे सिनेमाच्या इतिहासातली ती बहुधा सगळ्यात महाग उचकी असावी. आपल्याकडे उचकी लागली की कुणीतरी आठवण काढतंय असं म्हणतात. ही उचकी जगभरच्या थिएटरांत ऐकली गेली आणि मेल ब्लँकची आठवण कुणीही काढली नाही, कारण आवाज देणाऱ्यांची नावं पडद्यावर नव्हतीच.

कार्टूनचा आवाजवाला म्हणतात तो प्राणी हा. वस्ती लॉस एंजेलिस आणि आसपास, बहराचा काळ साधारण १९३५ ते १९८५. दिसायला अगदी चारचौघांसारखा. बँकेत उभा असला तर खातेदार वाटतो, दवाखान्यात बसला तर पेशंट. चष्मा, थोडं पोट, नीटनेटका भांग. त्याच्या घशात मात्र दहा-बारा बिऱ्हाडं नांदत असतात: एक ससा, एक तोतरं डुक्कर, एक पिवळं पाखरू, त्या पाखरावर टपलेला बोका, दोन म्हाताऱ्या, एक दरोडेखोर. भाडं कुणीच देत नाही, उलट हाच त्यांच्या जिवावर जगतो. त्यामुळे त्यांना खोकला होऊ नये, थंडी बाधू नये याची काळजी यालाच.

हा तयार कसा होतो? बहुधा शाळेच्या शेवटच्या बाकावर. मेल ब्लँक ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंडला शिकत होता. शाळेच्या लांबलचक व्हरांड्यात आवाज छान घुमतो हा शोध त्याला लागला, आणि तो घुमवून पाहण्यासाठी त्याने एक विचित्र, कर्कश, चढत जाणारं हसू तयार केलं. शिक्षकांना ते आवडण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे १९४० साली वुडी वुडपेकर नावाचा सुतार पक्षी पडद्यावर आला तेव्हा हेच हसू त्याच्या चोचीत बसवलं गेलं. ज्या हसण्याबद्दल वर्गाबाहेर उभं राहावं त्याचेच पैसे मिळावेत, यापरतं विद्यार्थिदशेचं सार्थक कोणतं? पण थांबा. मेल लवकरच दुसऱ्या स्टुडिओशी बांधला गेला आणि पक्ष्याच्या मालकांनी त्याचं ध्वनिमुद्रित हसू वापरणं चालूच ठेवलं. १९४८ साली त्या पक्ष्यावरचं गाणं तुफान गाजलं, तेव्हा मेल कोर्टात गेला. हसणं माझं आहे, म्हणाला. न्यायाधीशांनी कायद्याकडे पाहिलं. या हसण्याचे हक्क याने वेळेवर नोंदवून घेतलेले नव्हते. दावा टिकला नाही. पुढे बाहेरच्या बाहेर तडजोड झाली. तेव्हा पालकहो, पोरगं वर्गात विचित्र हसत असेल तर रागावू नका, आधी वकील गाठा.

क्लॅरन्स नॅशची गोष्ट वेगळी. तो ओक्लाहोमाचा, शेतावरच्या जनावरांमध्ये वाढलेला. लॉस एंजेलिसला एका दूध कंपनीसाठी छोट्या घोड्यांची गाडी हाकायचा आणि गल्लीतल्या पोरांना पक्ष्यांचे आवाज काढून दाखवायचा. एक दिवस डिस्ने स्टुडिओत जाऊन त्याने एक शाळकरी कविता घाबरलेल्या करडाच्या आवाजात म्हणून दाखवली. वॉल्ट डिस्नेने ती ऐकली आणि ओरडला, हे तर आपलं बोलणारं बदक! घरून निघाला तो बकरी म्हणून, आणि परतला तो बदक म्हणून. १९३४ पासून पुढची पन्नास वर्षं तो डोनाल्ड डक होता. आता डोनाल्डचं बोलणं इंग्रजांनाही धड कळत नाही, पण शिस्त अशी की परदेशी भाषांतल्या आवृत्त्याही नॅशनेच बोलायच्या. त्याला त्या भाषा येत नसत. उच्चार लिहून द्यायचे, हा वाचायचा. परदेशातल्या मुलांना काही कळायचं नाही आणि अमेरिकेतल्या मुलांनाही नाही. सर्व राष्ट्रांना समान वागणूक देणारा असा मुत्सद्दी त्या काळात दुसरा नव्हता.

नॅश कार्यक्रमाला जाताना डोनाल्डची बाहुली बरोबर नेत असे. त्याचं कारण मला पुरेपूर पटतं. साठीच्या चष्मेवाल्या माणसाकडे बोट दाखवून ‘हे बघ बाळ, हेच डोनाल्ड’ असं म्हटलं तर कुठलंही शहाणं मूल आधी आईकडे संशयाने बघेल आणि मग भोकाड पसरेल. आवाजवाल्याच्या आयुष्यातला मोठा तिढा तोच. देशातलं प्रत्येक पोर त्याला ओळखतं, आणि त्याला पाहिल्यावर एकाचाही विश्वास बसत नाही. सिनेनटाला चाहत्यांपासून लपायला काळा चष्मा लागतो. याला, आपण आहोत हे सिद्ध करायला बाजारात उभं राहून बदकासारखं ओरडावं लागतं, आणि तसं केलं की माणसं चार पावलं लांब होतात.

मग सुरू होतो घरगुती छळ. मेजवानीला बोलावतात ते जेवायला नव्हे, हे त्याला पहिल्या घासालाच कळतं. ‘आमच्या बंडूसाठी एकदा तो ससा करा ना’, मग ‘फोनवर आमच्या मेव्हण्यासाठी’, मग ‘आता तो बोका’. सर्जनला कुणी पंगतीत ‘जरा एक अपेंडिक्स काढून दाखवा’ म्हणत नाही. पण आवाजवाला करतो. त्याला आवडतं. नाही नाही म्हणत खाकरून घसा साफ करतो तेव्हाच त्याचे डोळे चमकलेले असतात.

कामाच्या बाबतीत मात्र हा अत्यंत कडक. कार्टून आधी काढतात आणि मग त्यात आवाज भरतात अशी आपली सर्वसाधारण समजूत. अमेरिकेतली पद्धत बरोबर उलटी. आधी आवाज. आवाजवाला कागद स्टँडवर ठेवून रिकाम्या खोलीत बोलतो, धापा टाकतो, कड्यावरून पडतो. समोर चित्र नसतं, कडाही नसतो. ते रेकॉर्डिंग ऐकून, एकेका अक्षराला तोंड किती उघडायचं हे मोजून, चित्रकार चित्रं काढतात. म्हणजे सशाला ओठ फुटायच्या आधी सशाची जीभ तयार असते.

त्या खोलीचे नियम कुणीतरी लिहून ठेवायला हवेत. सळसळणारे कपडे घालायचे नाहीत. घड्याळ, किल्ल्या, सुटी नाणी बाहेर. उपाशी यायचं नाही, कारण माइकला पोटातली गुरगुर ऐकू येते. पानं उलटायची ती अशी की पानालाही कळू नये. जिभेचा चिकट आवाज येऊ लागला की हिरव्या सफरचंदाची फोड चावायची. किंकाळ्या, आदळणं, आपटणं हे सगळं शेवटी ठेवायचं, कारण एकदा ते केलं की त्या दिवसापुरता घसा संपला. त्यातही प्रकार असतात. उंचावरून पडणं वेगळं, जिन्यावरून गडगडणं वेगळं, पायावर ऐरण पडणं वेगळं. आणि ऐरण पडल्यावर क्षणभर काहीच न होऊन मग कळ येणं, हे तर फारच वेगळं. बाहेर कॉरिडॉरमध्ये कुणी नवखा उभा असेल तर त्याला वाटावं आत खून चाललाय, तर आतला खुनी आणि मयत दोघेही एकच, आणि दोघांनाही पाणी कोमटच हवं.

मेल ब्लँकच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा शत्रू गाजर. बग्ज बनी गाजर खातो आणि खाता खाता बोलतो. सफरचंद, सेलरीचे देठ, नाना पदार्थ चावून पाहिले. गाजरासारखा कडाड आवाज कशालाच येईना. म्हणून गाजर चावायचं, रेकॉर्डिंग थांबवायचं, चावलेलं शेजारच्या पिकदाणीत थुंकायचं आणि पुढचं वाक्य म्हणायचं. गिळत बसलं तर रेकॉर्डिंग रात्रीपर्यंत चाललं असतं. त्याला गाजराची अॅलर्जी होती असं लोक छातीठोक सांगतात. ती दंतकथा आहे. त्याला गाजर एवढं प्रिय नव्हतं, इतकंच खरं. जगातल्या लाखो आयांनी ‘बघ, ससोबा कसा गाजर खातो’ म्हणून पोरांच्या तोंडात गाजर कोंबलं, आणि ससोबा प्रत्येक वेळी थुंकत होता.

वॉर्नर ब्रदर्ससाठी कार्टून करणाऱ्या लिऑन श्लेसिंगरच्या दारात मेलने हेलपाटे घातले तेही वाचण्यासारखे आहेत. दारावरचा माणूस दर खेपेस सांगे, आमच्याकडे आवाज भरपूर आहेत. तो माणूस त्या जागेवरून गेला आणि ट्रेग ब्राउन नावाच्या भल्या माणसाशी गाठ पडली. त्याने विचारलं, दारू प्यालेला बैल येईल का? मेलने उचक्या देत देत जरा आंबट वास येईल असा बैल काढला, आणि १९३७ साली कामाला लागला. त्याच वर्षी पोर्की नावाचं तोतरं डुक्कर आणि डॅफी नावाचं थुंकी उडवणारं बदक त्याच्या घशात राहायला आले. १९४० साली ससा आला. मग ट्वीटी, सिल्व्हेस्टर, योसेमिटी सॅम अशी रीघच लागली. ट्वीटीचा आवाज रेकॉर्ड करून वेग वाढवून वाजवायचा. डॅफीचाही तसाच. डॅफीचा वेग काढून घेतला की जवळजवळ सिल्व्हेस्टर बोका उरतो, म्हणून तो साध्या वेगात. असा वर्षानुवर्षं बोका पाखरामागे धावत राहिला, म्हणजे मेल ब्लँक मेल ब्लँकमागे धावत राहिला, आणि एकदाही सापडला नाही. योसेमिटी सॅमचा आवाज हा म्हणजे निव्वळ आरडाओरडा. त्याने घसा सोलून निघे. बुटका दरोडेखोर हा सगळ्यात त्रासदायक भाडेकरू होता.

आता पैसे आणि नाव, म्हणजे या जमातीची खरी दुखरी जागा. मेलने श्लेसिंगरकडे पगारवाढ मागितली. श्लेसिंगर म्हणाला, कशाला, नुसता इन्कम टॅक्स वाढेल तुझा. काय माणूस आहे! कामगाराच्या कराची इतकी काळजी वाहणारा मालक आपल्याकडेही दुर्मीळ. मेल म्हणाला, मग पडद्यावर नाव तरी द्या. नावाला पैसे पडत नाहीत, श्लेसिंगरने दिलं. त्यामुळे ‘आवाज : मेल ब्लँक’ ही पाटी कार्टूनच्या सुरुवातीला झळकू लागली, रेडिओवाल्यांनी ती वाचली आणि त्याच्याकडे कामाचा ओघ लागला.

इथपर्यंत आपण टाळ्या वाजवतो. पण नाव त्याचं एकट्याचंच लागे. एल्मर फड हा टकलू शिकारी वर्षानुवर्षं आर्थर ब्रायन बोलत असे, तो १९५९ साली मरेपर्यंत. नाव? नाही. ट्वीटीची आजी आधी बी बेनाडेरेट, मग १९५५ पासून जून फोरे. नाव? नाही. प्रेक्षकांनी सरळ हिशोब केला की सगळे आवाज मेलचेच; आणि मेलने तो हिशोब मोडायला फार धाव घेतल्याचं दिसत नाही. न मिळणाऱ्या नावासाठी रडणारा माणूस, मिळाल्यावर शेजाऱ्याचं नाव विसरतो. मला मेल ब्लँक मनापासून आवडतो, पण आर्थर ब्रायनचं वाईट वाटायचं ते वाटतंच.

पैशाचं तर बोलायलाच नको. १९६० साली रोनाल्ड रेगन नावाच्या नटाच्या पुढारीपणाखाली चित्रपटनटांच्या संघटनेने संप केला. यापुढच्या चित्रपटांना टीव्हीवर दाखवण्याचे पैसे नटांना मिळतील असं ठरलं. आधीच्या चित्रपटांवर पाणी सोडलं. थिएटरसाठी केलेली जुनी कार्टून नेमकी त्याच सुमारास टीव्हीवर अखंड सुरू झाली. त्यामुळे शनिवारी सकाळी आवाजवाला चहाचा कप घेऊन नातवाशेजारी बसला की समोर तो स्वतःच चौखूर धावत असे, फुकट.

टीव्हीने मात्र या जमातीला दुसऱ्या बाजूने उचलून धरलं, आणि त्याचं कारण निखळ कंजुषी. टॉम आणि जेरी बोलत नाहीत. त्यांना बोलायची गरजच नव्हती; त्यांच्या प्रत्येक उडीवर चित्रकारांची फौज राबत होती. (टॉमची ती जगप्रसिद्ध किंकाळी निर्माता विल्यम हॅना स्वतःच मारत असे. मालक घरचाच, मजुरी वाचली.) १९५७ साली त्यांचा स्टुडिओ बंद पडला. हॅना आणि त्याचा जोडीदार बार्बेरा टीव्हीकडे वळले, तर तिथे पैसा अगदीच थोडा. मग युक्ती निघाली. योगी अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय बांधा. म्हणजे डोकं धडापासून वेगळं झालं, धड तसंच ठेवून नुसतं तोंड हलवता येतं. हातपाय महाग, जीभ स्वस्त. जिथे पूर्वी पात्र पळायचं तिथे ते आता उभं राहून पळण्याबद्दल बोलू लागलं. थोर दिग्दर्शक चक जोन्स अशा कार्टूनांना सचित्र रेडिओ म्हणून हिणवत असे. हिणवू दे बिचारा, पण रेडिओवाल्यांची चूल त्यावर पेटली.

त्या चुलीवरचे दोन मोठे आचारी म्हणजे डॉज बटलर आणि डॉन मेसिक. योगी बटलर, त्याचा छोटा दोस्त बू-बू मेसिक. बटलर लहानपणी भयंकर लाजाळू. भीड मोडावी म्हणून नकला करू लागला आणि मग आयुष्यभर स्वतः म्हणून बोलायची पाळीच फारशी आली नाही. त्याचा एक गुलाबी सिंह होता, स्नॅगलपस. त्याची बोलायची ढब बर्ट लार या नटाच्या ढबीची. सिंह नुसता कार्टूनात होता तोवर ठीक होतं. तो न्याहारीचा खाऊ विकू लागला तेव्हा लारसाहेब भडकले. लोकांना वाटायचं मीच विकतोय! अखेर जाहिरातीत सूचना घालावी लागली की हा आवाज डॉज बटलर यांचा आहे. आयुष्यभर चांगलं काम करून नाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही, आणि तक्रार झाली तेव्हा मात्र ते मुद्दाम सांगितलं गेलं. सरकारी कचेऱ्यांशी संबंध आलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

पण बटलरचा मोठेपणा वेगळ्याच ठिकाणी दिसतो. १९६१ च्या जानेवारीत मेल ब्लँकच्या गाडीला सनसेट बुलेवार्डवर भीषण अपघात झाला. तेव्हा तो ‘फ्लिंटस्टोन्स’मध्ये बार्नी रबल बोलत होता. काही भागांपुरता बटलरने बार्नी सांभाळला आणि मेल परतताच निमूट बाजूला झाला. ना रुसवा, ना मुलाखत. सिनेमातल्या कुणा नटाकडून ही अपेक्षा करून पाहा.

त्या अपघातानंतर मेल सुमारे दोन आठवडे बेशुद्ध होता. बायको हाक मारे, मुलगा हाक मारे, उत्तर नाही. एके दिवशी डॉक्टरांनी, निरुपायानेच म्हणा, विचारलं : बग्ज बनी, कसा आहेस? आणि प्लॅस्टरच्या ढिगाऱ्यातून सशाने उत्तर दिलं. मग डॉक्टरांनी ट्वीटीची चौकशी केली. तोही हजर होता. मेल आणि त्याचा मुलगा ही हकीकत पुढे कितीतरी वेळा सांगत. मला तिच्यात चमत्कारापेक्षा व्यवसायनिष्ठा जास्त दिसते. मेल ब्लँकला हाक मारली तेव्हा घरी कुणी नव्हतं. सशाला हाक मारली तेव्हा कामाची वेळ झाली असं समजून तो उठला. घरमालक बेपत्ता आणि भाडेकरू दार उघडतात! शुद्धीवर आल्यावर तर त्याने कमालच केली. नखशिखांत प्लॅस्टरमध्ये, घरी पलंगावर उताणा, तोंडावर माइक टांगलेला, आणि भोवती ‘फ्लिंटस्टोन्स’ची बाकी मंडळी कागद धरून उभी. तशात रेकॉर्डिंग केलं. बार्नी हसतो तेव्हा प्लॅस्टर हललं असेल का, एवढं एकच मला विचारायचं होतं.

या जमातीत तत्त्वनिष्ठही असतात. ‘स्कूबी-डू’मधला खादाड शॅगी केसी केसम नावाचा गृहस्थ बोलत असे. तो कडक शाकाहारी. १९९५ साली शॅगीला एका बर्गर कंपनीच्या जाहिरातीत बोलवायचं ठरलं, तेव्हा केसमने शॅगी सोडला. पंचवीस वर्षांचं पात्र, एका बर्गरपायी! २००२ साली तो परतला तो अटीवर : शॅगीनेही आता शाकाहारी व्हायचं. सोमवार-गुरुवार पाळणारे आपल्याकडे उदंड, पण आपल्या पात्रालाही पाळायला लावणारा हा एकच. आणि अचाट म्हणाल तर पॉल विंचेल. टिगर नावाचा उड्या मारणारा वाघोबा, आणि रेसगाडीत घातपात करणारा मिशाळ डिक डास्टर्डली, हे दोघे त्याच्या घशातले. या माणसाने १९६३ साली कृत्रिम हृदयाचं पेटंट घेतलं आणि पुढे ते युटा विद्यापीठाला देऊन टाकलं. सकाळी वाघासारखं हसायचं आणि दुपारी हृदय बनवायचं.

प्रेमाचीही एक कथा आहे. वॉल्ट डिस्नेनंतर जिमी मॅकडोनल्ड आणि त्यानंतर १९७७ पासून वेन ऑलवाइन हा मिकी माऊस होता. १९८६ पासून रस्सी टेलर ही मिनी माऊस. दोघांनी १९९१ साली खरोखरचं लग्न केलं. म्हणजे मिकी आणि मिनी एका घरात, एका ओट्याशी, वीज बिलाबद्दल बोलत होते. भांडणं होत असतील तेव्हा शेजाऱ्यांनी काय करायचं? त्या किनऱ्या आवाजात ‘तुझ्या आईने’ अशी सुरुवात झाली तर पंचाईत मिटवायला जाणारा माणूस हसल्याशिवाय राहणार नाही. ते खासगीत आपापल्या आवाजात भांडत असावेत, पण तशी खात्री कुणी द्यावी?

आपल्याकडे हा प्राणी उशिरा आणि उलट्या बाजूने आला. आपल्याला कार्टून मिळाली ती तयार, तोंडं हलवून झालेली. त्या हललेल्या तोंडात हिंदी बसवायचं. जपानी उंदीर चार वेळा तोंड उघडतो तर हिंदी वाक्यही चार घासांचंच हवं. अर्थ, विनोद आणि राग सगळं त्यात. मुंबईच्या डबिंग स्टुडिओतल्या आवाजवाल्याला म्हणूनच अमेरिकन भाऊबंदांपेक्षा जास्त मान द्यावा असं माझं मत आहे. तो कडा काढला जाण्याआधी पडत नाही. दुसरा कुणीतरी पडलेला असतो, त्याच्या वेगाने याला ओरडावं लागतं. १९९३ साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली आला, तो मूळचा जपानी. त्यातल्या शेरखानला नाना पाटेकरांनी आवाज दिला. त्या वाघाला नुसता वाघ म्हणून पोरं घाबरलीच नसती; तो वाघ आता चिडून हात झटकत दोन शब्द सुनावेल अशी भीती घराघरांत वाटायची, आणि ती मोठ्यांनाही वाटायची. पण नाना हे अपवाद. त्यांचा चेहरा आवाजाच्या आधी घरात शिरलेला होता. बाकीच्यांची नावं श्रेयनामावलीत इतक्या झपाट्याने जात की वाचायला चित्त्याची नजर हवी, आणि तोवर आई टीव्ही बंद करून आंघोळीला हाकलत असे.

या जमातीतली सगळ्यात चिवट म्हणजे जून फोरे. जन्म १९१७ चा. १९६० साली दोरी ओढली की बोलणारी एक गोड बाहुली निघाली, तिचा आवाज जूनबाईंचा. तीनच वर्षांनी एका भीतिदायक मालिकेत घरातल्या माणसाला जिवे मारण्याची धमकी देणारी बाहुली आली, तीही जूनबाईच. एकाच गोड आवाजात. ज्या घरांत पहिली बाहुली होती त्या घरांत त्या रात्री काय झालं असेल कोण जाणे. आवाजवाल्यांना कुणी विचारत नाही म्हटल्यावर बाई रडत बसल्या नाहीत. १९७२ साली त्यांनी कार्टूनवाल्यांसाठी पुरस्कारच सुरू करवले. मग ऑस्करमध्ये कार्टून चित्रपटांना वेगळं पारितोषिक हवं म्हणून अकादमीचं वर्षानुवर्षं डोकं खाल्लं. २००१ च्या चित्रपटांपासून तेही सुरू झालं. त्यांना स्वतःला पहिला एमी मिळाला २०१२ साली, वयाच्या ९४ व्या वर्षी. भूमिका चेटकिणीची.

तिथे तरी थांबाव्यात की नाही? १९५९ साली त्यांनी रॉकी नावाची एक उडती खार केली होती. पोरसवदा, भाबडी, विमानवाल्याची टोपी घातलेली. २०१४ साली त्या खारीचं नवं छोटं कार्टून निघालं. खारीचा जोडीदार बुलविंकल, त्याचा मूळ आवाज बिल स्कॉट १९८५ सालीच वारला होता, त्यामुळे त्याच्या जागी नवा माणूस आणावा लागला. खारीसाठी शोधाशोध करावी लागली नाही. जूनबाई स्वतःच आल्या.